वाघमारे सरांचा पोटातला कॉम्प्युटर

वाघमारे सरांशी बोलताना त्यांच्या बोटांकडं बघू नये. आपण बोलतो ते सगळं ती बोटं टाइप करत असतात. टेबलावर, स्वतःच्या मांडीवर, बसमध्ये पुढच्या सीटच्या दांड्यावर. एका शोकसभेत तर त्यांनी अख्खं भाषण पुढं बसलेल्या माणसाच्या पाठीवर टाइप केलं. त्याला वाटलं, कुणीतरी सांत्वन करतंय. तो आणखी जोरात रडायला लागला.

सरांनी हुमनाबादला कितीतरी वर्षं टायपिंगचा क्लास चालवला. कन्नड, मराठी, इंग्रजी, तिन्ही. मीही तिथंच शिकले. आपण भरभर बोलायला लागलो की सर हात वर करत, "पोरी, स्पेस सोड, स्पेस!" स्वतः मात्र एका दमात पानभर बोलत.

आता बसस्टँडजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मागच्या महिन्यात सर हळ्ळीखेडहून सकाळच्या बसनं लॅपटॉप घेऊन आले.

"पोटातला कॉम्प्युटर माझं ऐकंना गेलाय," म्हणाले.

त्यांचा जुना मराठी टायपिंगचा प्रोग्राम नव्या लॅपटॉपवर चालत नाही. म्हणून पुतण्यानं लॅपटॉपच्या आतच एक जुना कॉम्प्युटर बसवून दिला होता. स्क्रीनवर एक खिडकी उघडली की आत जुना डेस्कटॉप दिसायचा. सर त्याला पोटातला म्हणत.

मी तपासलं. बाहेर सगळी बटणं चालत होती. आत एकही अक्षर उमटेना. माउस मात्र दोन्हीकडं ठीक. मी खिडकीत क्लिक करून कीबोर्ड आतल्याला जोडला जातोय का ते बघितलं, जात होता. पोटातला बंद करून पुन्हा चालू केला. दुसरा कीबोर्ड जोडला. काही फरक नाही.

"सर, तुम्ही नवा मराठी कीबोर्ड कामून शिकत न्हाई? महिन्यात शिकाल तुम्ही."

"मी शिकीन गं. अक्काला कसं जमंल?"

अक्का म्हणजे त्यांची बायको. क्लासमध्ये आमच्या चुका त्याच तपासायच्या.

"आन् गंमत बघ," सर म्हणाले, "तिच्या हातानं चालायलाय. माझ्याच हातानं चालंना."

मला हसू आलं. असं कधी होत नाही. पण सर खोटं बोलणारे नव्हेत. दुपारी दुकान बंद करून मी त्यांच्याबरोबर हळ्ळीखेडला गेले.

अक्का खिडकीशी बसल्या होत्या. गेल्या वर्षी त्यांना झटका आल्याचं ऐकलं होतं, वाचा गेल्याचं माहीत नव्हतं. उजवा हात लुळा पडलेला. समोर लॅपटॉप ठेवला तसा त्यांनी तो हात उचलून कीबोर्डच्या कडेला टेकवला आणि डाव्या हाताच्या एका बोटानं बटण दाबलं. दाबून धरलं. अक्षर उमटलं!

मी तेच बटण टकटक दाबलं. काही नाही. दाबून धरलं. उमटलं.

मग माझ्या लक्षात आलं. टेकवलेल्या हाताचं बोट उजव्या शिफ्टवर पडत होतं. ते बटण बराच वेळ दाबलं गेलं की कॉम्प्युटर विचारतो, बटणं सावकाश ऐकू का? अक्कांनी हो म्हटलं असणार. तेव्हापासून पोटातला झटपट दाबलेलं काही ऐकतच नव्हता. सरांसारखा टायपिस्ट त्याला कुठून ऐकू येणार!

"एका मिनिटात बंद करते," मी म्हटलं.

"थांब जरा. बंद केल्यावर तिला कसं व्हईल?"

"हात थरथरला तर एकाची चार अक्षरं पडतील."

"मग राहू दे. आम्ही दोघं ह्याच्यावरच लिहून बोलतोय."

"पण सर, तुम्हाला टाइप करायची गरजच काय? अक्कांना ऐकू येतंय की. तुम्ही तोंडानं बोला."

"मी तोंडानं बोलाय लागलो की लई बोलतो, पोरी. तिचं एक वाक्य व्हईस्तोवर माझी धा व्हत्यात. मग ती लिहायचंच सोडून देती." मग म्हणाले, "चाळीस वर्सं तसंच झालंय."

अक्का खाली बघून लिहीत होत्या. बऱ्याच वेळानं स्क्रीनवर ओळ पूर्ण झाली, 'पोरीला चहा द्या.'

सरांनी लॅपटॉप आपल्याकडं ओढला. पहिलं बटण दाबलं आणि तसंच धरून ठेवलं. मग दुसरं. 'देतो' एवढं उमटेपर्यंत अक्का त्यांच्या बोटांकडं बघत राहिल्या, आणि सर एक शब्दही बोलले नाहीत.