गाण्याआधी दोन शब्द

आंतरराष्ट्रीय गीतस्पर्धेत भारताच्या वतीने गाण्याचा मान नगरच्या 'सीना बीट्स' या पॉप मंडळीला मिळाल्याचं दिल्लीहून कळलं, त्याच दिवशी नगरात सत्कार समिती स्थापन झाली. गाणं कोणी ऐकलं नव्हतं. सत्काराला तशी अट नसते.

मंडळीत तिघं. गाणारी सुमेधा, गिटारवाला हेमचंद्र आणि ड्रम बडवणारा गहिनीनाथ. सुमेधाची हौस साधी होती. आपलं गाणं आपल्या गावाने एकदा तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावं.

पहिल्या सत्कारात प्रास्ताविक, परिचय, दोन शब्द, आणखी दोन शब्द, अध्यक्षीय समारोप आणि आभार यथासांग पार पडले. गाणं शेवटी ठेवलं होतं. समितीचे अध्यक्ष श्रीमंतराव घड्याळाकडे बघत म्हणाले, "पोरी, लई उशीर झालाय. मुखडा तेवढा म्हन." पुढच्या सत्कारात मुखड्यालाही वेळ उरला नाही. मग तालमी, पतपेढ्या, किराणा व्यापारी, सगळ्यांनाच अभिमान वाटू लागला. त्या साली दुष्काळाने विहिरींनी तळ गाठला होता, पण हारांना फुलं कमी पडली नाहीत. सरावाला मात्र एक संध्याकाळ मोकळी मिळेना.

"ताई, नारळ लई झाले," गहिनीनाथ म्हणाला. "ड्रमला हात कवा लावायचा?"

सुमेधा श्रीमंतरावांकडे गेली. "काका, सत्कार पुरे झाले. आता आम्हाला गाऊ द्या."

"गानं काय, कुनीबी गातं," श्रीमंतराव म्हणाले. "सत्कार नशिबात असावा लागतो."

स्पर्धेसाठी शिष्टमंडळ युरोपात गेलं. नेते अर्थातच श्रीमंतराव. प्रत्येक देशाला तीन मिनिटं होती. दिवे लागले, सुमेधाने श्वास भरून घेतला आणि श्रीमंतराव शाल-नारळ घेऊन मंचावर चढले. परीक्षकांचा सत्कार करून ते मराठीत दोन शब्द बोलले. ते दम घ्यायला थांबले की गहिनीनाथने तेवढ्यात ड्रम वाजवून घेतला. वेळ संपल्याची घंटा झाली. परीक्षकांना तेच गाणं वाटलं. चाल अवघड, पण गायक तळमळीचा, असा शेरा देऊन त्यांनी उत्तेजनार्थ बक्षीस दिलं. प्रशस्तिपत्रकावर नाव श्रीमंतरावांचं.

नगरात जीपमधून मिरवणूक निघाली. सत्काराला मैदान फुलून गेलं होतं. आभार संपताच सुमेधाने माईक ओढून घेतला. "आता गाते. बसा थोडं."

लोक पेढ्यांकडे निघाले होते. माईकवाल्याने वायर काढली. संतापाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी ती गायली, सगळं गाणं, खुर्च्या आपटल्याच्या आवाजात.

हे वाचून तुम्हालाही वाईट वाटलं असेल. अशा गुणी मुलीचा एकदा जाहीर सत्कार व्हायला हवा, असंही मनात आलं असेल. ते गाणं कशाचं होतं, हे मात्र तुम्हीही अजून विचारलेलं नाही.