प्रधानकाकांची पेशंट

प्रधानकाकांच्या घरी गेलं की चहाआधी भिंतीवरच्या बाईची प्रकृती तपासावी लागे.

ही बाई म्हणजे एक जुनं जपानी चित्र, लाकडी ठशांनी कागदावर छापलेलं. निळ्या किमोनोतली बाई फुलझाडांच्या कुंड्यांपाशी गुडघे टेकून बसलेली, मान किंचित झुकलेली. ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. आमच्या हेन्डरसन उपनगरातल्या एका चर्चमध्ये जुन्या सामानाची विक्री होती. काका टोस्टर आणायला गेले आणि हिला घेऊन आले.

काका फार्मासिस्ट, मी नर्स, आणि घरं शेजारी. गाठ पडली की केस सुरू.

"मीना, मान बघितलीस हिची? स्पॉन्डिलायटिस!"

"काका, लाजतेय ती."

"शंभर वर्षं कोण लाजतं?"

चेहरा पांढुरका, म्हणजे रक्त कमी. कुंडीतलं एक पान पिवळं, म्हणजे पाणी जास्त. चित्राला ऊन लागू देऊ नका, असं मी एकदा म्हटलं तर भडकलेच. "अगं, झाडं आहेत ती!" ऊन सरकेल तशी बाई या भिंतीवरून त्या भिंतीवर जाई. खिळ्यांनी भिंतींची चाळण झाली. वेलिंग्टनहून आलेला मुलगा कळवळला, "बाबा, घर भाड्याचं आहे!"

"मग हिला सांग तसं," काका म्हणाले.

वर्षभरात निळा किमोनो राखाडी झाला. काकांचं निदान तयार होतं. "धुण्यात गेला."

त्या जुलैत नाशिकहून दादाचा फोन आला. आई गेली. मी पोचेपर्यंत सगळं उरकणार होतं, म्हणून तोच म्हणाला, येऊ नकोस. मी रजा टाकून घरी बसले. ओळखीची माणसं डबे घेऊन आली, आत्म्याविषयी बोलली, गेली. डबे तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पावसातून काका आले. पायांत भिजलेल्या जॅन्डल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात खिळा ठोकला आणि माझ्या खुर्चीसमोर तिला टांगलं.

"राहू दे चार दिवस तुझ्याकडे. बोलत नाही. पण कुणी समोर बसलेलं असलं की घास उतरतो."

"आणि तुम्ही?"

काका हातोडी पुसत राहिले. "ही यायच्या आधी मी सिंकपाशी उभ्यानेच जेवायचो. चार दिवस जमेल."

मी दुसरं ताट काढलं.