बरकतीचा मोर

त्या सकाळी टेकाडावर मी व्हते, शेजारचे महादाप्पा व्हते, फारेस्टचे नवे सायब व्हते, आन खाली जीपमंदी डायव्हर व्हता, पर तो घोरत व्हता. येवढीच मानसं. बाकी समदे मोर.

महादाप्पाला काई बी इचारा, आकडा सांगायचे. 'आप्पा, जेवलात का?' तर म्हनायचे, 'सोळा.' पाटोद्याची यष्टी गेली का इचारलं, तर नऊ लांडोरी आन तीन पिल्लं. गाव हसायचं. उभा जलम मोराच्या डोंगरावर राखनीला राहून मानसाचं डोस्कं पाढ्यावानी झालं, असं आमी धरून चाललो. लग्नाला गेले की मांडवाबाहेरच्या वहाना मोजायचे, दोनानं भागायचे आन आचाऱ्याला पानं किती ते सांगायचे. येकदा आकडा अर्ध्यावर आला, तर कुत्र्यानं पळवलेली वहान घावस्तोवर जेवायला बसले न्हाईत.

मोराच्या बाबतीत तर कायदा लई कडक. पीस घावलं म्हून मोर धरायचा न्हाई, येकच मोर ढीगभर पिसं टाकतो. म्होरून उडून मागं बसला तर तो तोच, दुसरा न्हाई. 'मोजनारानं हावरं असू नये,' हे त्यांचं बोलनं.

पाटोद्यात पिवळ्या पाटीचे फोन निघाले, तवाचं ते साल. आमी ऊस तोडून कारखान्याहून आलतो, हाताला काम न्हवतं, म्हून आप्पानं मला मोजनीला घेतलं. सायबाची रीत अशी, की झुंजुरका मोर झाडावरून उतरायच्या आदुगर वरडतात, ते ऐकून मोजायचं. दोन मानसांनी आपापलं मोजायचं, बोलायचं न्हाई. दोघांचं जुळलं तर खरं. मला लिव्हता येत न्हाई. आप्पा म्हनले, वरडला की वटीतला येक खडा भुईवर टाक, मी बी तसंच करतो. आन मला दिसशील अशी बस.

पयला मोर वरडला. मी तोंडातल्या तोंडात म्हनलं, बरकत. आमच्या खळ्यावर पयल्या मापाला येक म्हनत न्हाईत, बरकत म्हनतात. तिचा खडा ठेवत न्हाईत. खुनंचे खडे दुसऱ्या मापापासून, आन शेवटाला बरकत वरून धरायची. हाताला तीच सवय.

उजाडल्यावर सायब आमच्यापाशी आले. माझे खडे येकोनीस. आप्पाचे बी येकोनीस. सायब खूश झाले, कागदावर लिव्हलं आन जीपकडं गेले.

उतरताना मला आठवलं, बरकत वरून धरायची राहिली. म्हंजी वीस. मागून हाका मारल्या, आप्पा थांबनात. म्हून म्होरं जाऊन आडवी झाले आन सांगाय लागले. सांगता सांगता माझंच त्वांड थांबलं. माझा येक मी खाल्ला. आप्पाचा कुनी खाल्ला?

आप्पा खाली दगडावर बसले.

"तुझा हात बघून टाकत व्हतो, सुंदर. दोन सालं झाली, कोंबडा बी ऐकू येत न्हाई."

कावून सांगितलं न्हाई म्हनलं, तर नुस्तं बोटानं डोंगर दाखवला. बहिऱ्याला मोजनीवर कोन ठेवतं? घरात बायको न्हाई, लेकरू न्हाई. डोंगर सुटला तर सकाळी उठून जायाचं कुठं? सोळा आन नऊचं कोडं मला तवा उलगडलं. इचारनाऱ्याचे व्हट दिसले न्हाईत की इचारलेलं कळायचंच न्हाई, मंग जे पाठ व्हतं ते बोलायचे.

सायब अजून जीपपाशी व्हते. मी गेले न्हाई. फडात कोयत्यानं बोट गेलं तवा बी मी मोळी बांधून मंगच फडकं गुंडाळलं व्हतं. गप राहायचं मला कुनी शिकवायला नको.

आप्पानं इचारलं, "पयला कुठं वरडला?"

वढ्याच्या पल्याड, म्हनलं. लांबून. दोनदा. ते माझ्या व्हटाकडं बघत व्हते. म्हनले, पुन्यांदा सांग. मी तीनदा सांगितलं.

म्होरं सहा सालं मी त्यांच्या म्होरं बसून मोजलं, आन उतरताना येकयेक मोर त्यांना सांगितला. त्या सालांचे आकडे बराबर हायेत. फकस्त दोघांचे न्हाईत, येकटीचे हायेत.

आता आप्पा न्हाईत, त्यांना कुनी काढू शकत न्हाई. म्हून हे दुसऱ्याकडून लिव्हून घेतलं, आन वाचनाऱ्याला येवढंच मागनं हाय. त्या पयल्या सालचा कागद कुठं घावला, तर आमच्या टेकाडाच्या येकोनीसाचे वीस करा.