हुबेहूब उत्स्फूर्त वादनाचा परवाना

वाटूर फाट्यावर मोटारपंप रिवाइंडिंगचं दुकान चालवणाऱ्या भुजंगने एका संध्याकाळी चार लोकांसमोर सॅक्सोफोन वाजवायचं ठरवलं, आणि सगळं कायद्याला धरून व्हावं म्हणून तसा अर्ज केला. माणसाची बुद्धी फिरली की ती आधी अर्ज करायला लावते.

त्याच्या 'फाटा क्वार्टेट'मध्ये चौघं होती. सॅक्सोफोनवर तो स्वतः, ड्रमवर मच्छिंद्र, बेस गिटारवर काळीपिवळी चालवणारा बिभीषण आणि कीबोर्डवर शाळेत गणित शिकवणारी प्रांजली. वाजवायचे जॅझ. म्हणजे एक धून धरायची, मग तिचं बोट सोडून ज्याने त्याने आपल्या मनाने हिंडायचं आणि शेवटी सगळ्यांनी मिळून घरी परतायचं. लग्नानंतर पुण्यात नोकरीला असताना भुजंगला याचं वेड लागलं. गावी परतल्यावर त्याला कळलं, की कुंभार पिंपळगावचे आबाराव लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेटवर वर्षानुवर्षं हेच करत आले होते, फक्त त्याला काय म्हणतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. आता आबा ब्याऐंशीचे. क्लॅरिनेट सोळा वर्षं पेटीत बंद. "मरायच्या आधी येकदा मनाचं वाजवलेलं खुर्चीवर बसून ऐकू दे," एवढंच त्यांचं मागणं होतं आणि भुजंगला ते काहीही करून पुरं करायचं होतं.

परतूरला कार्यक्रम करायचा तर 'नाद नियमन कक्षा'चा परवाना लागत होता. अर्जाच्या सातव्या रकान्यात वाजवायच्या गाण्यांची यादी मागितली होती. भुजंगने लिहिलं : ऐनवेळी ठरेल.

"ऐनवेळचे विषय अध्यक्षांच्या परवानगीनेच घेता येतात," कक्षातले राधेश्याम बाबू म्हणाले. सज्जन माणूस. नोकरीत त्यांनी कुणाचंही काम अडवलं नव्हतं, फक्त पुढे पाठवलं होतं. "तुमचे अध्यक्ष कोण?"

"अध्यक्ष न्हाई, साहेब. चौघं बराबरीचे. एक जण वाजवून राह्यला की बाकीचे ऐकतेत."

"अध्यक्षांशिवाय ऐकतात?" बाबूंना खरोखरच काळजी वाटली. "असं करा, काय वाजवणार त्याचा नमुना रेकॉर्ड करून द्या. तीन प्रतींत."

इथे चौघांनी अशी चूक केली, जी फक्त त्यांच्याच हातून होऊ शकते. तीन प्रती हव्यात म्हणून ते तीन वेळा वाजवून आले.

दहा दिवसांनी पत्र आलं. 'आपण सादर केलेल्या तिन्ही प्रती परस्परांशी विसंगत आहेत. प्रत क्र. १ मध्ये सहाव्या मिनिटास आढळणारा आनंद प्रत क्र. ३ मध्ये आढळून येत नाही. सात दिवसांत खुलासा करावा.' प्रांजलीने खुलासा लिहिला, की तिन्ही प्रती बरोबर आहेत. गणिताची शिक्षिका एका उदाहरणाची तीन उत्तरं बरोबर असल्याचं लेखी देते, म्हटल्यावर समिती नेमण्याखेरीज इलाज उरला नाही. समितीत एक निवृत्त भूमापक होते, एक मंडपवाले होते आणि एक सदस्य ऐकायला अजिबात येत नसल्यामुळे निःपक्षपाती म्हणून घेतलेले होते. त्यांनी तिन्ही प्रती मोजल्या आणि मधली निवडली. आदेश निघाला : 'प्रत क्र. २ नुसार हुबेहूब उत्स्फूर्त वादन करण्यास मंजुरी देण्यात येत आहे. वादन मनापासूनचे वाटेल याची दक्षता घ्यावी.'

प्रत क्र. २ मध्ये चौथ्या मिनिटाला मच्छिंद्रला शिंक आली होती.

"तेवढी शिंक सोडून द्या ना साहेब," भुजंगने हात जोडले.

"मंजूर बाबीत काटछाट केली तर प्रकरण पुन्हा समितीपुढे जाईल. वर्ष लागतं. आपले आबा थांबतील का वर्षभर?"

भुजंगने आदेश घडी करून खिशात घातला. मच्छिंद्रने महिनाभर तपकीर नाकाशी धरून शिंकेचा रियाज केला. त्याच्या घरच्यांनी त्याला दोनदा दवाखान्यात नेलं.

कार्यक्रमाला मंगल कार्यालय भरलं होतं. पुढच्या खुर्चीत धुतलेलं धोतर नेसून आबा, आणि त्यांच्या शेजारी कानात प्रत क्र. २ लावून राधेश्याम बाबू. चौथ्या मिनिटाला शिंक बरोबर जागेवर पडली. बाबूंनी कागदावर खूण केली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. सातव्या मिनिटाला मात्र भुजंगची बोटं भलतीकडेच निघाली. प्रतीत नसलेला एक सूर त्याला पलीकडे दिसत होता, अगदी हाताशी. तेवढ्यात बाबूंचं पेन वर गेलं, आणि भुजंग निमूटपणे प्रतीवर परत आला. त्याला स्वतःची मनापासून शरम वाटली.

"बराबर वाजवलं, लेका. बिलकुल बराबर," आबा नंतर म्हणाले. मग काठी शोधत हळूच म्हणाले, "मला वाटलं, कुठं तरी चुकशील."

त्या एका वाक्याने भुजंग रात्रभर तळमळला. दुसऱ्या दिवशी आबांना गावी सोडायला निघाला, तो आधी कक्षात शिरला. आबा बाहेर पायरीवर बसले.

"हा नियम आणला कुणी?"

"आम्ही कशाला आणू?" बाबू दुखावले. "लोकांनी मागितला." त्यांनी फाइल काढून सर्वांत खालचा कागद समोर धरला. तो सोळा वर्षांपूर्वीचा अर्ज होता. 'नवरदेवाची परण्याची मिरवणूक मारुतीच्या पाराशी आली असता क्लॅरिनेटवादक आबाराव यांनी चालू गाणे सोडून बारा मिनिटे स्वतःचेच काहीतरी वाजवले. त्यामुळे वऱ्हाडास नाचता आले नाही. यापुढे गाणे जसेच्या तसे वाजवण्याची सक्ती व्हावी.' खाली दोनशे बारा सह्या. पहिली नवरदेवाची.

भुजंगने ती ओळखली, ती त्याचीच होती. तेव्हा तो नव्यानेच वळणदार सही करायला लागला होता. अर्जाचं तो साफ विसरला होता, आणि क्लॅरिनेटवाल्याचं तोंड त्याने पाहिलंच नव्हतं. घोड्यावर बसलेल्याला खालचे चेहरे दिसत नाहीत.

"मागं घेता येतो का हा?"

"येतो की. सगळ्या सह्यावाल्यांची ना हरकत आणा."

तो बाहेर आला. आबांनी मान वर केली. "सोळा वर्षांमागं इथूनच मला कागद आल्ता, मनाचं वाजवू नगं म्हणून. मंग मी क्लार्नेटला हात लावला न्हाई. कुणाचा अर्ज व्हता, कळलं का?"

"लई जुनं हाये, आबा," भुजंग म्हणाला. "सह्या वाचता आल्या न्हाईत."

सह्या ठसठशीत होत्या. उरलेल्या दोनशे अकरा आम्ही तपासलेल्या नाहीत. परंतु वरातीत, गणपतीत किंवा शाळेच्या गॅदरिंगमध्ये आपण कुणाला "अहो, गाण्यावर या" असं म्हटल्याचं स्मरत असल्यास आपली सही कितव्या क्रमांकावर आहे, हे कक्षात पाहायला मिळेल. वेळ साडेदहा ते पाच. येताना ओळखपत्र आणावं, तीन प्रतींत.