चिकूच्या नावावरची सावली

कालव्याच्या रस्त्यावरची सावली माझ्यावर पडायची बंद झाली, ती ऐन चैत्रात. बाकी सगळ्यांवर पडत होती. आमच्या कुत्र्यावर, चिकूवर, तर नेहमीपेक्षा जरा जास्तच पडत होती.

रस्ता तुम्ही पाहिला नसेल, म्हणून सांगतो. गावाबाहेर कालव्याच्या कडेनं जातो. चढ नाही, उतार नाही. दोन्ही बाजूंना करंज, चिंच आणि लिंब, वर फांद्या एकमेकींत गेलेल्या. दुपार टळली की अर्धं गाव तिथं फिरायला येतं. माझं भांड्यांचं दुकान आहे. दिवसभर गिऱ्हाईक उभं ठेवतं, संध्याकाळी चिकू चालवतो, असा माझा क्रम.

त्या दिवशी करंजाखाली शिरलो तरी डोकं तापायला लागलं. वर पाहिलं, पानं दाट. खाली पाहिलं तर माझ्याभोवती टोपल्याएवढं ऊन, आणि मी चाललो की तेही चालतंय. चिकूच्या गळ्यातली दोरी सावलीत होती, अगदी माझ्या मुठीपर्यंत. मुठीपासून पुढं ऊन. दुसऱ्या दिवशी छत्री नेली. छत्रीची सावली कालव्याच्या पाण्यात पडली आणि माझ्याबरोबर पुलापर्यंत पाण्यातूनच आली.

माणूस उन्हात भाजला तर त्याचं काही नाही. पण सगळे सावलीत आणि आपण एकटे उन्हात, हे फार वाईट दिसतं. "शरणार्थ अप्पा" म्हणून नमस्कार करणारे लोक आता आधी उन्हाकडे पाहायचे, मग माझ्याकडे. एकजण म्हणाला, "मन्मथअप्पा, तुमचा सूर्य निराळा दिसतोय." मी हसलो. गिऱ्हाईकाच्या विनोदाला हसायची मला सवय आहे, पण कान गरम झाले. शेवंताबाई तर परात घेऊन मागंच लागली.

"अप्पा, जरा थांबा की. सावलीत कुरडया वाळंना झाल्यात."

"अगं, मी फिरायला आलोय."

"मग हळू फिरा. मी परात धरून येते."

जुनं गिऱ्हाईक. नाही कसं म्हणणार? पुलापर्यंत ती माझ्याशेजारून परात धरून चालली. कुरडया वाळल्या. तिनं त्यातल्या चार मला दिल्या, तेव्हा मला जास्त लाज वाटली.

मी काळदाते पाटकऱ्याकडे गेलो. पाटकरी म्हणजे कालव्याचं पाणी कुणाच्या शेताला कधी सोडायचं ते पाहणारा माणूस. त्या रस्त्यावरचं सगळं त्याच्याच अखत्यारीत येतं. तो गेटजवळच्या खोलीत पान लावत बसला होता. मी सांगितलेलं त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"पाण्याची पाळी असते तशी सावलीचीही असते, अप्पा. तुमची संपली."

"परत कधी येईल?"

"ते वरून ठरतं."

"आणि कुत्र्याला कशी मिळते? त्याला तर मीच आणतो."

"त्याच्या नावावर आहे. तो आणि त्याचं जे काही असेल ते, एवढ्यावर पडणार. तुमच्या हातातली दोरी त्याची, म्हणून दोरीवर पडते. तुम्ही त्याचे नाही, म्हणून तुमच्यावर पडत नाही. यात अन्याय काय झाला, तेवढं सांगा."

हिशेब बरोबर होता.

एरवी मी पाळी येईपर्यंत घरात बसलो असतो. पण रविवारी उदगीरचे वीरभद्रअप्पा लामतुरे येणार होते. त्यांच्या मुलासाठी आमच्या मुलीचं, गिरिजाचं, स्थळ सांगून गेलं होतं. आता आमच्या गावाची रीत अशी की सोयरीक बसून ठरत नाही, चालून ठरते. मुलीचा बाप आणि मुलाचा बाप कालव्याच्या गेटपासून पुलापर्यंत बरोबर चालतात, बोलतात, आणि पुलावर पोचले की सुपारी फोडतात. जो मधेच थांबला, त्याचा नकार. शब्दानं कुणी कुणाला नाही म्हणत नाही. माझं लग्नही असंच ठरलं. माझ्या सासऱ्यांच्या पायात काटा मोडला होता, तरी ते थांबले नाहीत, आणि ते आयुष्यभर त्यांनी मला ऐकवलं.

तर अशा रस्त्यावर व्याही सावलीत आणि मी उन्हात, हे दिसलं तर लामतुरे काय समजतील? ज्याला झाडं सावली देत नाहीत, त्याच्या घरची मुलगी कोण करेल?

गिरिजा म्हणाली, "बाबा, टोपी घाला आणि चाला उन्हात. त्यात काय एवढं?"

"तुला नाही कळायचं."

"मला काय काय नाही कळायचं, ते एकदा सांगून टाका."

मी दुकानात निघून आलो.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे घेतलेल्या भांड्यावर नाव घालून देतात. नाव घालायची मशीन मी स्वतः चालवतो. एकदा दोन जावा वेगळ्या झाल्या आणि एक तांब्याचं घंगाळ घेऊन भांडत माझ्याकडे आल्या. मी घंगाळ उलटं केलं, नाव वाचलं. ते मेलेल्या सासूचं होतं. भांडण तिथंच मिटलं. घंगाळ अजून सासूच्या मालकीचं म्हणून माळ्यावर आहे आणि दोघी बादलीनं अंघोळ करतात. नावाला माणसं इतकी मानतात. सावलीही मानेल, असं मला वाटलं.

मी स्टीलची एक चकती घेतली. पहिल्यांदा तिच्यावर दोन्ही नावं घातली, मन्मथ आणि चिकू, भागीदारीत. चकती शर्टाच्या गुंडीला अडकवून रस्त्यावर गेलो. सावली मुठीवरून चढली, कोपर, खांदा, आणि छातीच्या मधोमध येऊन थांबली. अर्धा मी सावलीत, अर्धा उन्हात. ते तर आधीपेक्षाही वाईट दिसत होतं. शेवंताबाई लांबून म्हणाली, "आता कुरडया कुठल्या बाजूला धरू?"

मी दुकानात परत आलो आणि माझं नाव घासून काढलं. घासायला फार वेळ लागला नाही.

रविवारी लामतुरे आले. पांढरी टोपी, हातात काठी, बोलणं मऊ. आम्ही गेटपासून निघालो. सावली माझ्या डोक्यापासून पायापर्यंत होती. किती दिवसांनी गार वाटलं. मी बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात त्यांची नजर चकतीवर गेली. त्यांनी चष्मा वर करून नाव वाचलं.

"चिकू म्हणजे?"

मी दोरीकडे बोट दाखवलं.

"अस्सं. म्हणजे तुम्ही यांचे."

"रस्त्यापुरता."

"रस्त्यावरच तर ठरवायचंय," ते म्हणाले, आणि माझी बाजू सोडून चिकूच्या बाजूनं चालायला लागले. "शरणार्थ, चिकूशेठ."

मी थांबू शकत नव्हतो. थांबलो तर नकार झाला असता. चकती काढावी तर ऊन येणार. मी मुकाट चालत राहिलो. लामतुरे बोलत होते, मुलगा काय शिकलाय, जमीन किती, घरात कोण कोण. चिकू ऐकत होता. मधूनमधून शेपूट हलवायचा, तेव्हा लामतुरे "बरोबर आहे" म्हणायचे. समोरून येणारे लोक आधी चिकूला नमस्कार करत, मग लामतुऱ्यांना. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. मला हवं होतं तेच झालं होतं, आणि मला कुठं तोंड लपवू असं झालं.

पूल दिसायला लागला. लामतुरे म्हणाले, "माझं काही म्हणणं नाही, चिकूशेठ. एवढंच विचारतो. मुलीला विचारलंय ना?"

चिकू थांबला.

मी दोरी ओढली. तो हलला नाही. मान वळवून माझ्याकडे पाहत राहिला. लामतुरेही माझ्याकडे पाहायला लागले. इतका वेळ माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, ते बरं होतं असं वाटलं.

"विचारायचं राहिलं," मी म्हणालो. "तिला आवडेल असाच मुलगा आहे."

"मी तुम्हाला नाही विचारलं," लामतुरे नम्रपणे म्हणाले. मग त्यांनी काठी जमिनीत रोवली आणि तेही थांबले. "दोघं थांबले तर तो नकार नसतो. आमच्या आजोबांनी सांगितलंय. जाऊन या, चिकूशेठ. मी उभा आहे इथं."

चिकू घराकडे वळला. मी मागं.

गिरिजा ओसरीवर पुस्तक घेऊन बसली होती. चिकू तिच्यासमोर जाऊन बसला. तिनं माझ्या छातीवरची चकती वाचली. मला वाटलं हसेल. हसली नाही. पुस्तक मिटलं. मी दारातच उभा होतो, आणि आत ये असं कुणी म्हणालं नाही.

"ते लामतुरेअप्पा विचारतायत," मी म्हणालो, "तुझी पसंती..."

"त्याला विचारू द्या," ती म्हणाली.

चिकूनं पंजा तिच्या गुडघ्यावर ठेवला.

"मुलगा बरा वाटतो," गिरिजा त्याला म्हणाली. "पण लग्न त्याच्या बापाशी नाही करायचं. मला त्या मुलाबरोबर एकदा चालून बघायचंय, गेटपासून पुलापर्यंत. मी थांबले तर थांबले. तसं कळवा त्यांना."

चिकूनं कान हलवले.

"आणि ते म्हातारे कधीचे उभे आहेत तिथं," ती त्यालाच म्हणाली. "कुणाच्या तरी हातानं पाणी पाठवा."

चिकूनं माझ्याकडे पाहिलं. मी तांब्या भरला आणि निघालो.