साचलेला भार

सोमवारी सकाळी साहेबांची खुर्ची मोडलेली आढळली. कार्यालयात जाडा माणूस एकच असल्यामुळे चौकशीची तशी गरज नव्हती. पण नियम म्हणजे नियम, म्हणून त्रिसदस्यीय समिती नेमण्यात आली. साहेब अध्यक्ष, भांडार सांभाळणाऱ्या बाई सदस्य आणि मी सचिव. माझं वजन बावन्न किलो. त्यामुळे माझ्या निःपक्षपातीपणाबद्दल कुणालाच शंका नव्हती.

आरोपी म्हणजे आवक-जावक कारकून. त्याला सगळे प्रेमाने गोदाम म्हणतात. अकरा वर्षं तो त्याच टेबलावर आहे. येत्या शुक्रवारी बढतीची यादी लागणार होती. जागा एक आणि नावं दोन, त्याचं आणि माझं.

"साहेब, मी शनिवारी रजेवर होतो," गोदाम म्हणाला. "शुक्रवारी निघालो तेव्हा तुम्ही स्वतः या खुर्चीत बसला होतात."

रजेचा अर्ज फायलीत होता, त्यावर सहीही होती. समिती जरा अडखळली.

"रजेवर माणूस जातो, वजनाचा परिणाम मागे राहतो," बाई म्हणाल्या. "अकरा वर्षं बसतोय हा."

"माझ्या खुर्चीत?" साहेब दचकले.

"समोर उभा राहतो ना. जमिनीवर भार येतोच."

साहेबांना पटलं. मी इतिवृत्तात 'साचलेला भार' असं लिहिलं.

गोदामाने वाकून खुर्ची पाहिली. "बाई, गादीवर बुटांचे ठसे आहेत. बसणाऱ्याच्या बुटांचे ठसे गादीवर कसे उमटतील? कुणीतरी वर चढलं होतं. आणि ठसा सहा नंबरचा आहे. माझा पाय दहाचा."

"बघा, नुसता वाकला तर धाप लागली," साहेब म्हणाले. मी धापेची नोंद घेतली.

कपाटावरच्या डब्यातली बिस्किटंही संपलेली आढळली. त्यासाठी वेगळी समिती नेमून वेळ घालवावा असं कुणाला वाटलं नाही. त्याच अहवालात 'खादाडपणा' हा शब्द बसला. शेजारी 'आळशी' घातला, कारण तो घातल्याशिवाय शेरा अपुरा वाटत होता. पुढील आदेश होईपर्यंत गोदामाने उभ्याने काम करावं असं ठरलं. नावाच्या रकान्यात मी 'गोदाम' लिहिलं. दोघांनी वाचून सह्या केल्या.

अहवाल मुख्य कार्यालयाला पाठवायचा, तर त्यावर जावक क्रमांक पडायला हवा. तो टाकणारा गोदामच. त्या दिवशीची एकशेचाळीस पत्रं त्याने उभ्याने निकाली काढली होती. एकशेएकेचाळिसावा हा अहवाल. त्याने तो पूर्ण वाचला, शिक्का मारला, वहीत नोंद केली.

"मुलीला सांगून बसलोय, या वेळी नक्की म्हणून," तो म्हणाला. मग माझ्या पायांकडे बघत राहिला. "तुमचे बूट सहा नंबरचे ना?"

मला मनापासून वाईट वाटलं. म्हणून मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "वजन कमी कर रे बाबा. तब्येतीसाठी सांगतो."

शुक्रवारी यादी लागली. माझं नाव होतं.

आता शनिवारी बिस्किटांच्या डब्यासाठी खुर्चीवर कोण चढलं, हे तुम्ही ओळखलंच असेल. चोर सोडून संन्याशाला फाशी, असंही म्हणाल. जरूर म्हणा. पण इतका वेळ तुम्हीही त्याला गोदामच म्हणत आलात. त्याचं खरं नाव काय, हे एकदा तरी विचारलंत का?