मायाबाईंनी बूट मेनूचा दरवाजा उघडिला त्याची हकीकत

वीज अखंड वाहती राहो, कळफलकावरील कळा जागच्या जागी राहोत आणि ऐकणाऱ्यांचे कल्याण असो. साहेबांनी पुसले की, घोडनदीकाठी मौजे इनामगाव, तालुके शिरूर, येथे यंदाचे साली महिला बचत गटाचे मेळाव्यात जो रणसंग्राम जाहला तो कैसा उद्भवला, कोणी कोणती कळ दाबिली, आणि अखेर फत्ते कोणाची जाली, हे साद्यंत कळवावे. त्याजवरून मांडवात जी माणसे प्रत्यक्ष हजर होती त्यांचे तोंडून ऐकिले ते यथामति लिहिले असे. अधिकउणे असेल ते लिहिणाराचे. पराक्रम ज्याचा त्याचा.

कसबे दौंड येथे संगणकविद्यासंपन्न मायाबाई म्हणोन होत्या. भाजीबाजाराचे वरचे मजल्यावर त्यांचा संगणकाचा क्लास. स्वभाव शांत, बोलणे मोजके, परंतु यंत्राने आडमुठेपणा केला की ओठ आवळून त्याचे पुढे बसत आणि ते वठणीवर येईतो उठत नसत. इनामगावच्या गटाच्या मुखत्यार कस्तुराबाई, उपसरपंच सर्जेराव यांचे कुटुंब, या पन्नाशी ओलांडल्यावर त्यांचे क्लासात टंकलेखन शिकावयास येत. गुडघ्यावर हात ठेवून जिना चढत, वर येऊन दम खात आणि मग एका बोटाने स्वतःचे नाव लिहून स्वतःच हसत. ऐसा दोघींचा स्नेह जुळला.

या कस्तुराबाईंनी जन्मात कधी चार माणसांत पाऊल नाचविले नव्हते. यंदा त्यांचे मनात आले की, गटाच्या बायांस घेऊन मेळाव्यात भर मांडवात लेझीम खेळावी. मसलत जाली. विठाबाई म्हणोन गटात मोठ्या गळ्याच्या, त्यांनी गाणे रचिले. परंतु ही मसलत सर्जेरावांपासून चोरून ठेविली. त्यांस कळले तर ते मनाई करतील ऐसे नव्हे. ते त्या विषयावर बोलतील, आणि त्यांचे बोलणे संपेतो बायांची हौस फिटून जाईल, ही खरी धास्ती. सर्जेराव वक्ते मोठे. एकदा माईक हाती आला की तो त्यांचे हातून सोडविणे गड घेण्याहून अवघड, ऐसी ख्याती शिरूरपासून पाटसपर्यंत होती. म्हणोन कस्तुराबाईंनी सक्त हुकूम फर्माविला की, हे गाणे कोणाचेही मोबाइलात जाऊ नये, पेनड्राइव्हात उतरू नये. मोबाइलात गेले की गावभर जाते.

मग मायाबाईंचे क्लासात खिडक्या लावून, पंखे बंद करून, घामाघूम होऊन विठाबाई हलगीचे तालावर गायिल्या आणि ते गाणे एका संगणकाचे पोटात जाऊन बसले. दुसरी नक्कल नाही. गाता येईल म्हणावे, तर मेळाव्याचे आदले दिवशी भाच्याचे हळदीत ओरडून ओरडून विठाबाईंचा गळा ऐसा बसला की, गावयास तोंड उघडावे तो नुसता वारा बाहेर पडे.

मेळाव्याचे दिवशी मायाबाई तो संगणक सतरंजीत गुंडाळून, लेकरू न्यावे तैसा मांडीवर घेऊन, टेम्पोतून इनामगावी दाखल जाल्या. शाळेचे पटांगणात मांडव पडिला होता. वरवंडचे पृथ्वीराज, ध्वनिक्षेपक आणि पडदा यांचे सरदार, भोंगे आणि तारांचा सरंजाम घेऊन आधीच डेरा देऊन बसले होते. यंत्र मेजावर मांडिले, तारा जोडिल्या, बटण दाबिले. तो काय! पडद्यावर गाणे नाही, चित्र नाही. दुरुस्तीची तयारी चालू आहे ऐसे वर्तमान येऊन ठिपक्यांचे कडे गरगर फिरो लागले. फिरून फिरून काळोख पडे आणि पुन्हा तेच कडे. सकाळी निघतेसमयी यंत्र नव्या सुधारणा गिळीत होते आणि घास घशात असताच दौंडात वीज गेली होती.

मागे शाळेचे खोलीत नऊवारी नेसून, लेझमी हाती घेऊन बाया उभ्या. त्यातून कस्तुराबाई पदराने तोंड पुशीत मेजापाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "माया, पोरी, हुईल का गं? न्हाई तर बायांला घरी लावते. त्या समद्या थरथरायला लागल्यात, आन् त्यांच्याहून जास्ती मी."

मायाबाईंनी ओठ आवळिले. म्हणाल्या, "काकू, थोडा वेळ द्या फक्त."

आता वेळ द्यावा कोणी? मांडव तर भरला होता. तेव्हां सूत्रसंचालकांनी, होणाऱ्या अनर्थाची काडीमात्र कल्पना नसता, सर्जेरावांस विनंती केली की आपण दोन शब्द बोलावेत. सर्जेराव उठले, माईकची मान धरिली आणि गावाचे पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीचे टेकाडात, सापडलेल्या प्राचीन रांजणांपासून प्रारंभ केला. मांडवात जो जाणता होता त्याने मांडी बदलून बसकण पक्की केली.

इकडे मायाबाईंची मसलत ऐसी: त्यांचे पर्समध्ये एक पेनड्राइव्ह होता, त्यात आपल्यापुरती स्वतंत्र चालणारी एक प्रणाली भरली होती. यंत्रास त्या पेनड्राइव्हावरून जागे केले, तर रुसलेल्या विंडोजास वळसा घालून त्याचे कोठारातले गाणे अलगद काढून आणिता येईल. परंतु यंत्र कोठून जागे व्हावे हे पुसणारा दरवाजा, ज्यास बूट मेनू म्हणतात, तो यंत्र डोळे उघडीत असता क्षणमात्र किलकिला होतो; त्याच क्षणी नेमकी कळ ठोकावी तर उघडतो, चुकले तर बंद. आणि कळ कोणती? वरचे रांगेत एफ एकपासून एफ बारापर्यंत बारा बुरूज, आणि हे यंत्र निरनिराळे भाग आणून जुळविलेले. याचा रिवाज कोणास ठाऊक!

विठाबाई खुर्चीपाठी उभ्या होत्या. त्यांनी बसल्या गळ्याने पुसिले, "बूट म्हंजी? चपला काढायच्या व्हय?" आणि उत्तराची वाट न पाहता आपल्या काढिल्या; ते पाहून भोवतालच्या बायांनीही काढिल्या. हा मान मेजास पूर्वी कधी मिळाला नव्हता.

मायाबाईंनी आपले बंधू संघर्ष, पाटसास एका कार्यालयात नोकरीस, त्यांस फोन लाविला. तिकडून सल्ला आला, "ताई, एफ बारा दाब. आमच्या ऑफिसात बाराच चालतंय." पहिला हल्ला बाराव्या बुरुजावर जाला. यंत्र बंद करून चालू केले, बारा ठोकिले. ठिपक्यांचे कडे हसत हसत पुढे आले. मग एफ दोन. कडे. मग डिलीट, मग एस्केप. कडे आणि कडे. संघर्षरावांनी अखेरची मसलत दिली की समदेच दाब, आणि मायाबाईंनी फोन ठेविला. पृथ्वीराज म्हणाले, "ताई, माझ्या मामाचा कंप्युटर असाच बसलेला. बाजूनं दोन थापा दिल्या, लगेच उठला." मायाबाईंनी नुसते वर पाहिले आणि पृथ्वीराजांनी उचललेला हात केस सारखे करण्याकडे वळविला.

मांडवात सर्जेराव तांब्याची भांडी आणि बाजरीची पेरणी संपवून सातवाहनांचे दाराशी आले होते.

तो मायाबाईंचे ध्यानी एक गोष्ट आली. बटण दाबिल्यावर पडदा उजळावयास त्याचा त्यास वेळ लागे. प्रोजेक्टर आळसावून डोळे चोळी, तोवर यंत्राचे आरंभीचे चिन्ह काळोखातच येऊन निघून जाई. म्हणजे शत्रू समोरून जात असता आपण मशाल पेटवीत बसलो! लागलीच त्यांनी हुकूम केला आणि पृथ्वीराज शाळेचे कार्यालयातून जुना मॉनिटर छातीशी धरून धावत आले. तार फिरविली. आता चिन्ह दिसले आणि त्याखाली बारीक अक्षरांची एक ओळ वीज चमकावी तैसी चमकून गेली. वाचवली कोणास नाही. विठाबाई घोगऱ्या गळ्याने म्हणाल्या, "काय तरी लिव्हलं व्हतं खरं, पन पळालं की!"

तेव्हां मायाबाईंनी युक्ती लढविली. मोबाइल पृथ्वीराजांचे हाती दिला, संथ गतीचे चित्रण लावून मॉनिटरावर रोखिला, यंत्र पुन्हा जागे केले आणि मग ते चित्रण बोटाने कणाकणाने मागे ओढिले. पळणारी ओळ मुसक्या बांधून समोर उभी राहिली. तीत स्वच्छ लिहिले होते की, बूट मेनू, एफ अकरा.

मायाबाईंचे तोंडून आनंदाची किंकाळी निघाली. सर्जेराव माईकवरून म्हणाले, "धन्यवाद," आणि यादवांकडे वळले.

आता फत्ते जाली ऐसे सर्वांनी मानिले. मायाबाईंनी अकरा ठोकिले, ऐसे ठोकिले की मेजावरचा पेला उडाला. आणि कडे! पुन्हा ठोकिले. पुन्हा कडे. खोलीचे दारात कस्तुराबाई उभ्या होत्या, त्यांनी लेझीम खाली ठेविली. ती ठेविल्याचा खळ्ळ आवाज मायाबाईंचे काळजात वाजला. त्या क्षणी त्यांस वाटले, उठावे, टेम्पोत बसावे आणि दौंड गाठून क्लासास कुलूप लावावे. परंतु उठवेना. त्या कळफलकाकडे टक लावून पाहत राहिल्या. तो त्याचे कोपऱ्यातला हिरवा दिवा केव्हां लागतो हे दिसले. चिन्ह येई, जाई, आणि मग दिवा लागे! म्हणजे आपण ज्यावरून तोफा डागीत होतो तो तोफखानाच झोपेत होता. कळफलकाची तार यंत्राचे पुढल्या तोंडास खोचली होती आणि ते तोंड उशिरा जागे होत असावे.

"पृथ्वीराज, मागं! तार मागल्या बाजूला लाव!"

पृथ्वीराज मेजाखाली शिरले, डोके आपटून घेतले, जाळी, धूळ आणि कोणाची विसरलेली कंगवी बाहेर काढिली आणि तार मागे खोचली. यंत्र चालू केले. दिवा तत्काळ लागला! मायाबाईंनी अकरा दाबिले आणि निळे पटांगण उघडले, त्यात दोन ओळी उभ्या: एक जुने कोठार, दुसरा पेनड्राइव्ह. बूट मेनूचा दरवाजा उघडिला! विठाबाईंनी ओरडावयास तोंड उघडिले, वारा निघाला. पृथ्वीराज मेजाखालून उसळून उठले आणि हर्षाचे भरात "जिंकलो!" म्हणोन त्यांनी एंटरवर थाप दिली. ती पडली पहिल्या ओळीवर. कडे फिरो लागले.

त्यावेळी मायाबाईंनी पृथ्वीराजांकडे जे पाहिले त्याचे वर्णन करवत नाही. पृथ्वीराज आपले दोन्ही हात पाठीशी बांधून आपणच कैद जाले.

पुन्हा यंत्र, पुन्हा दिवा, पुन्हा अकरा. मग खालचा बाण एकवार, मग एंटर. पेनड्राइव्ह जागा जाला. नवे, अनोळखी अंगण आले. जुन्या कोठारात वाट काढीत मायाबाई गेल्या आणि तेथे गाणे सुखरूप निजले होते. त्यांनी कस्तुराबाईंकडे पाहून मान हलविली. कस्तुराबाईंनी लेझीम उचलिली.

सर्जेराव तेव्हां म्हणत होते की, आता थोडक्यात शिवपूर्वकाळ पाहू. इतक्यात भोंग्यांतून हलगी कडाडली आणि विठाबाईंचा शाबूत असतानाचा गळा मांडवभर दणाणला:

"सोडा धनी, माईक सोडा,
बोलून बोलून दमला जीव,
आता आमची लेझीम ऐका,
पायांनाही फुटली जीभ!"

मांडव ऐसा हसला की कनाती हलल्या. बाया रांगेने आत आल्या, आणि पुढे कोण, तर कस्तुराबाई, पदर खोचून, मान ताठ! सर्जेरावांचे तोंड उघडेच राहिले आणि त्यातून शब्द निघाला नाही. ऐसे गावात पूर्वी घडल्याचे स्मरण कोणास नाही. मग माईकमध्ये त्यांचे नकळत उमटले, "आरं तिच्या मायला, ही तर आमची हाय!" आणि त्यांस हसू आले. ते आवरेना. हसता हसता त्यांचे पायांस ताल लागला, ते व्यासपीठावरून उतरून लेझमीकडे नाचत निघाले, तो तारेत पाय अडकला, खटका उडाला, आणि हलगी, गाणे, यंत्र, सर्व एकदम मूक जाले.

बाया एक पाय वर घेऊन थबकल्या. सगळा मांडव सर्जेरावांकडे पाहो लागला. सर्जेरावांचे हाती उपटलेला प्लग.

ते मेजापाशी आले, अपराध्यासारखे उभे राहिले आणि म्हणाले, "माया, आता काय करायचं गं?"

मायाबाईंस हसू फुटले. दुपारपासून पहिल्यांदाच. "आप्पा, तो तिथंच खोचा. बाकी अकरा दाबलं की झालं."

सर्जेरावांनी प्लग खोचला आणि वळून गर्जना केली, "मंडळी, आकरा!" पुढली रांग म्हणाली, आकरा! मागली म्हणाली, आकरा! बाया लेझमी आपटून, म्हातारे काठ्या आपटून, कशास ओरडतो हे ठाऊक नसता सगळे इनामगाव ओरडू लागले, "आकरा! आकरा! आकरा!" त्या गजरात दिवा लागला, मायाबाईंचे बोट पडले, दरवाजा उघडिला, बाण खाली गेला आणि पृथ्वीराजांनी पाठीशी बांधलेले हात जागचे हलविले नाहीत.

यंत्र उठेतो सर्जेरावांनी माईक उचलला. जाणत्यांनी पुन्हा मांडी बदलिली. त्यांनी तो नेऊन कस्तुराबाईंचे हाती दिला. कस्तुराबाईंनी जन्मात माईक धरिला नव्हता. त्यांनी तो उलटसुलट पाहिला, तोंडाशी नेला आणि सर्वांस ऐकू जाईल ऐसे म्हणाल्या, "तुम्ही व्हा बाजूला आता. आम्हांला जागा लागती."

सर्जेराव बाजूला जाले. हलगी पुन्हा कडाडली.

येणेप्रमाणे मौजे इनामगावचे मांडवात दिवसाउजेडी, सकल ग्रामस्थांचे साक्षीने मायाबाईंची फत्ते जाली. बारा बुरुजांपैकी अकरावा हस्तगत जाला, गाणे कैदेतून सुटले, आपल्या पक्षाचे कोणी पडले नाही. पृथ्वीराजांचे कपाळास टेंगूळ तेवढे आले. लेझीम सूर्य कलेतो चालली. सर्जेराव पहिल्या रांगेत मांडी घालून बसले होते आणि एक शब्द बोलले नाहीत, हे सर्वांचे माहितीकरिता नमूद केले असे.